चौल-कोर्लई : एक दिवसाची सफर

हिवाळ्याच्या सुट्टीत कुठे जायचे, असा विषय आपल्या हिंगोलीकडच्या घरांत निघाला की खुलताबाद, बिदर, हैदराबाद ही नावे पुढे येतात. समुद्र आपल्यापासून फार लांब. तरी एकदा मुलांना घेऊन रायगड जिल्ह्यातले चौल, रेवदंडा आणि कोर्लई जरूर पाहावे. अलिबागला मुक्काम केला तर तिन्ही ठिकाणे एका दिवसात होतात.

सकाळी आधी चौल. आज इथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. झाडीत जुनी मशीद आणि हमामखान्याचे अवशेष दिसतात. एके काळी हे मोठे बंदर होते. अरब लोक त्याला ‘सैमूर’ म्हणत. बगदादचा प्रवासी अल्-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916च्या सुमारास इथे आला. इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. कोणी ओमानचे, कोणी सिराफचे, कोणी बसऱ्याचे, तर कोणी इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत. राज्य शिलाहार राजा झंझाचे होते. पण मुसलमानांचे आपसातले कज्जे मिटवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे.

शाळेत इतिहास शिकवताना एखादे मूल हळूच विचारते, “आपले लोक मूळचे कुठले?” बाहेर कोणीतरी त्याला हटकलेले असते. चौलची ही नोंद त्या मुलाला दाखवावी. दिल्लीत सुलतानांचे राज्य येण्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी या किनाऱ्यावर मुसलमान नांदत होते. ते तलवार घेऊन नव्हे, व्यापारासाठी गलबतांतून आले आणि इथलेच झाले. आपल्यापैकी कितीतरी घराणी तर पहिल्यापासून याच मातीतली. दोघांचेही घर हेच.

चौलला लागूनच रेवदंडा. पोर्तुगीजांचा तट आणि सातखणी बुरूज पाहून घ्यावा. 15व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरपर्यंत गेला. म्हणजे या बंदराची वाट आपल्या दख्खनपर्यंत येत होती.

दुपारनंतर कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई गाठावे. समुद्रात लांबवर घुसलेल्या डोंगरावर किल्ला आहे. 1594 मध्ये निजामशाहीने इथे तटबंदी उभारली, त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ती घेतली. 1740 मध्ये मराठ्यांनी. दीपगृहापासून पायऱ्यांनी वर गेले की तिन्ही बाजूंना पाणीच पाणी.

खालच्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे. घरात त्यांची पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली चालते. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बाहेर मराठी बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी बोली टिकली, कारण आयांनी ती मुलांशी बोलणे सोडले नाही. आपल्याकडे मात्र काही घरांत दखनीची लाज वाटते, तर काही घरांत मराठी परकी मानली जाते. मुलांना दोन्ही द्याव्यात. एक घराची, एक गावाची, दोन्ही आपल्याच.

जाताना पाणी आणि टोपी बरोबर घ्यावी. गडावर सावली कमी आहे. सूर्य बुडायच्या आत खाली उतरावे.