लस तीच, मग गरिबाच्या बाळाला संरक्षण अर्धेच का?

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. या गावात काय किंवा भंडारा जिल्ह्यातल्या इतर कुठल्या गावात काय, बाळ दीड महिन्याचे झाले की आशाताईंचा निरोप येतो आणि लसीकरणाच्या दिवशी इतर लसींबरोबर बाळाला तोंडावाटे रोटाव्हायरसची लस दिली जाते. दुसरा डोस अडीच महिन्यांच्या वयात आणि तिसरा साडेतीन महिन्यांच्या वयात. महाराष्ट्रात २०१९ पासून ही लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. तरीही एखाद्या बाळाला तिन्ही डोस होऊन हगवण लागली की वस्तीत लगेच प्रश्न येतो, मग लस घेतली कशाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विज्ञानाने त्याचे उत्तर शोधायचा प्रयत्न केला आहे आणि ते उत्तर आपल्याला दवाखान्यातून थेट गावच्या नळावर, नालीवर आणि बाळंतिणीच्या ताटापर्यंत घेऊन जाते. म्हणून हा विषय डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. तो सामाजिक न्यायाचा विषय आहे.

आधी रोग समजून घेऊ. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो. उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात आणि काही तासांत बाळाच्या अंगातले पाणी कमी होते. लस येण्यापूर्वीच्या अंदाजानुसार भारतात या एका विषाणूमुळे दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८ हजार मुले दगावत होती आणि सुमारे ८ लाख ७२ हजार मुलांना रुग्णालयात भरती करावे लागत होते. प्रत्येक जुलाब मात्र रोटाव्हायरसचा नसतो. इतर विषाणू आणि जिवाणूही हगवण लावतात आणि त्यांच्यावर ही लस चालत नाही. लस घेतल्यावरही जुलाब होण्याचे हे पहिले, साधे कारण आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. रोटारिक्स नावाच्या एकाच लसीच्या वेगवेगळ्या देशांत चाचण्या झाल्या. युरोपातल्या बाळांना तिने गंभीर आजारापासून ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण दिले. दक्षिण आफ्रिकेत हा आकडा ७७ टक्के निघाला आणि मलावीसारख्या गरीब देशात ४९ टक्के. आपल्या देशात तयार झालेल्या रोटाव्हॅक लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे सुमारे ६,८०० बाळांवर झाली. २०१४ मध्ये निकाल आले. पहिल्या वर्षात संरक्षण होते सुमारे ५६ टक्के. लस बनवण्यात काही कमी राहिली असे नाही. ज्या पोटात ती जाते त्या पोटाची परिस्थिती वेगळी आहे.

ही लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो बाळाच्या आतड्यात रुजला, थोडा वाढला, तरच शरीर त्याला ओळखायला शिकते. गरीब वस्तीत या रुजण्यात अनेक अडथळे येतात. आजूबाजूला रोग फार असल्याने आईच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात. ती गर्भातच बाळाला मिळतात आणि लसीचा विषाणू रुजण्याआधीच त्याला निकामी करतात. दूषित पाणी, उघडी नाली, मळलेले हात यांतून जंतू सतत पोटात जात राहिले की आतड्याच्या अस्तरावरचे केसासारखे उंचवटे झिजतात आणि आतून कायमची सूज राहते. बाळ वरून खेळते दिसते, पण खाल्लेले अंगी लागत नाही आणि तोंडावाटे दिलेली लसही नीट काम करत नाही. पोटात आधीच दुसरे विषाणू मुक्कामाला असतील तर लसीच्या विषाणूला जागा मिळत नाही. भारत, मलावी आणि ब्रिटन येथील बाळांचा एकत्र अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही आईकडून आलेली प्रतिपिंडे आणि पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यात झालेली जिवाणूंची गर्दी यांचा लसीच्या कमी परिणामाशी संबंध दिसला.

हे अडथळे सहज दूर होतील का, याचेही प्रयोग झाले. लसीच्या वेळी थोडा वेळ अंगावरचे दूध थांबवून पाहिले. दिल्लीसह इतर ठिकाणच्या प्रयोगांत त्याचा काही फायदा दिसला नाही. म्हणून लसीच्या दिवशीही बाळाला बिनधास्त पाजावे. वेल्लोरमध्ये बाळांना जस्त आणि उपयुक्त जिवाणूंची पूड देऊन पाहिली. जस्ताने लसीचा परिणाम वाढला नाही आणि जिवाणूंच्या पुडीने झाला तो फरक किरकोळ होता. जुलाबात जस्ताची गोळी उपयोगी आहेच, पण लसीला बळ देणारे औषध म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही.

झिम्बाब्वेतल्या एका मोठ्या प्रयोगाने मात्र विचार करायला लावले. तिथे काही घरांना सुधारित शौचालय, हात धुण्याची सोय, पाणी शुद्ध करण्याचे साधन आणि बाळाला खेळायला स्वच्छ जागा दिली गेली. या घरांतल्या १०० पैकी सुमारे ३० बाळांच्या शरीराने लसीला प्रतिसाद दिला. ज्या घरांत ही सोय नव्हती तिथे हे प्रमाण सुमारे २० होते. सहा महिन्यांनंतर दिलेल्या पूरक आहाराने लसीच्या प्रतिसादात फरक पडला नाही आणि ते स्वाभाविक आहे, कारण तोपर्यंत डोस होऊन गेलेले असतात. आतड्याचे भवितव्य बाळ गर्भात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घडते. म्हणजे आईचे पोषण आणि घराभोवतीची स्वच्छता याच काळात जागेवर असायला हवी.

मग अर्धीच उपयोगी लस घ्यावी का? जरूर घ्यावी. मलावीत लसीचे टक्केवारीतले यश दक्षिण आफ्रिकेपेक्षा कमी होते, पण तिथे रोगच इतका जास्त होता की वर्षाला दर १०० बाळांमागे मलावीत सुमारे ७ गंभीर आजार टळले, तर दक्षिण आफ्रिकेत सुमारे ४. जिथे संकट मोठे, तिथे अर्धे संरक्षणही जास्त जीव वाचवते. भारतात लस सुरू झाल्यानंतर पाहणी केलेल्या रुग्णालयांत अतिसाराने भरती झालेल्या मुलांमध्ये रोटाव्हायरसचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. पोलिओचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. तोंडावाटे दिलेली ती लसही आपल्याकडच्या मुलांवर कमी परिणाम करते, हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते. म्हणून लस टाकून दिली गेली नाही. पुन्हा पुन्हा डोस दिले गेले आणि १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही.

पण लस घेऊन थांबणे म्हणजे विषमता मान्य करणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. रोवणीच्या दिवसांत पोटुशी बाई चिखलात वाकून दिवसभर राबते, कारण त्या दिवसाची मजुरी बुडवणे घराला परवडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना हीच बाजू मांडली होती. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्या एक वर्ष आधी ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले होते. पाण्याचा हक्क आणि मातेचा हक्क हे दोन्ही लढे बाळाच्या पोटात येऊन एकत्र होतात.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके गेली आणि सारा देश हळहळला. हगवणीने जाणारे बाळ एकेकटे जाते. त्याची बातमी होत नाही, चौकशी समितीही बसत नाही. म्हणून त्यावर आपणच लक्ष ठेवायला हवे.

बाबासाहेबांनी १९५४ मध्ये पोटनिवडणूक लढवलेल्या या जिल्ह्यातल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी काही कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. आपल्या वस्तीतल्या सर्व बाळांचे डोस वेळेवर झाले का, हे आशाताईंसोबत बसून पाहावे. पहिला डोस बाळ एक वर्षाचे होण्याआधीच द्यावा लागतो, कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची बाळे इथेच सुटतात. सहा महिने फक्त आईचे दूध, घुटी, मध किंवा वरचे पाणी नाही, हे आजीबाईंना प्रेमाने समजावावे. जुलाब लागताच ओआरएस, सोबत १४ दिवस जस्ताची गोळी आणि बाळ सुस्त पडले, पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसले तर तडक दवाखाना.

ग्रामसभेत हिशेब विचारावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्यातून आपल्या वस्तीत नाली झाली का? नळाच्या पाण्याची तपासणी शेवटची केव्हा झाली आणि तिचा निकाल काय आला? गरोदर मातांना अंगणवाडीचा आहार पूर्ण मिळतो का? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपल्या वस्तीतली बाई आहे का? हे प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तरही लेखी मागावे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला माता-भगिनी जमतातच. एखाद्या संध्याकाळी तिथे परिचारिका ताईंना बोलावून अर्धा तास द्यावा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, बिछान्यावर निजवले आणि मग संघाला जाब विचारला. आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा, हे तथागतांनी तेव्हा सांगितले. आपल्या वस्तीतल्या तान्ह्या बाळांसाठी तोच जाब आज ग्रामपंचायतीला, आरोग्य विभागाला आणि स्वतःलाही विचारला पाहिजे.