विहाराचे दप्तर कोणाच्या ट्रंकेत?



आपण धम्मदीक्षा घेतली, विहाराला वर्गणी दिली, श्रमदान केले. आता एक साधा प्रश्न विचारा : या विहाराचे दप्तर कोठे आहे? पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळेल, ‘चिटणीसांच्या घरी, ट्रंकेत.’ उद्या चिटणीस वारले, रुसले किंवा दुसऱ्या गटास मिळाले, म्हणजे दप्तरही वारले, रुसले आणि गेले, असेच समजावयाचे काय?

हा विषय काढला की आमचे काही कार्यकर्ते संतापतात. ‘समाज विश्वासावर चालतो, वकिलास कागदाशिवाय दुसरे दिसणार काय?’ असे ते म्हणतात. त्यांना माझे उत्तर असे की, ज्याचा व्यवहार चोख आहे त्याला पावती फाडताना हात जड होण्याचे कारण नाही.

एका वस्तीचा दावा माझ्याकडे आला होता. विहाराच्या जागेवर शेजाऱ्याने हक्क सांगितला. न्यास नोंदलेला होता. परंतु धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत विश्वस्त म्हणून जी नावे होती ती सर्व मृतांची होती. जिवंत पंचांपैकी एकाचेही नाव तेथे नव्हते. करपावत्या भांडणाऱ्या दोन गटांच्या दोन घरांत अडकल्या होत्या. जागा कोणाची, हा प्रश्न बाजूलाच राहिला. विहाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हे ठरविण्यातच वर्षे गेली. यात शत्रूचे कर्तृत्व थोडे आणि आमची बेफिकिरी फार.

कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत त्याची खबर द्यावी लागते. कलम ३२ प्रमाणे हिशेब ठेवावे लागतात आणि कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता येत नाही. तुमच्या वर्गणीचे रक्षण करणारी ही कलमे आहेत. पण दप्तरच नसेल तर ती पुस्तकातच राहतात.

महाडचे स्मरण करा. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले ठराव केला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून ठराव केला. त्या लेखी ठरावाच्या आधारावर १९२७ चा सत्याग्रह उभा राहिला. म्हणूनच त्याच वर्षी नगरपालिकेला तो ठराव मागे घेण्याची घाई झाली. पुढे स्पृश्यांनी दावा लावला. तो उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी, त्यांना अनादि रूढी सिद्ध करता आली नाही म्हणून, ते हरले. रूढीचा डांगोरा तेथे चालला नाही. पुरावा मागण्यात आला. तोच पुरावा उद्या आपल्याकडेही मागितला जाईल.

‘हे धम्मात कोठे सांगितले आहे?’ असे विचारणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. सिंहलद्वीपात दुष्काळ व युद्ध यांमुळे भिक्षू कमी होऊ लागले, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात मुखपरंपरेने आलेले त्रिपिटक अलुविहारात ग्रंथबद्ध करण्यात आले. त्या भिक्षूंची स्मरणशक्ती आपल्याहून दुबळी नव्हती. तरीही त्यांनी मरणाऱ्या माणसाच्या स्मृतीवर धम्म सोडला नाही. भिक्षुसंघात ठराव, गणपूर्ती आणि मतदान यांचे नियम होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले. त्या संघाचे नाव घेणाऱ्या विहारात सभेचे इतिवृत्तही नसावे, ही नामुष्की कोणाची?

म्हणून वाचकहो, पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. इतिवृत्त पुढील सभेत वाचून, सह्या करून मगच मंजूर करा. मूळ कागद विहाराच्या कपाटात ठेवा, त्याच्या किल्ल्या दोघांकडे असू द्या आणि नकला तिसऱ्या जागी ठेवा. दीक्षा व विवाह यांची नोंद तारीख, नावे व साक्षीदार यांसह पक्क्या बांधणीच्या वहीत करा. पदाधिकारी बदलताच दप्तर यादीनिशी मोजून घ्या. माता-भगिनींनीही हिशेबाची वही मागावी. वर्गणी त्यांच्याच घामातून येते.

वही मागितल्यावर जो चिटणीस रागावेल, त्याच्याकडे ती ठेवू नका. विहार तुमचा आहे. त्याचे दप्तरही तुमचेच आहे.

जय भीम!