किडके सफरचंद

कुंभिवलीच्या एका फार्महाऊसच्या दिवाणखान्यात फळांच्या टोपलीचे एक तैलचित्र टांगलेले आहे. मूळ चित्र इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याचे. सोळाव्या शतकाच्या अखेरचे, आज मिलानच्या अँब्रोझियाना संग्रहालयात असलेले. कुंभिवलीत आहे ती सफाईदार हाताने केलेली नक्कल.

नकलेला माझा आक्षेप नाही. युरोपातले थोर चित्रकार नकला करीतच शिकले. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात आपणही समोरच्या वस्तूंची नक्कलच करीत होतो की!

पण मूळ चित्रात अगदी पुढच्या सफरचंदाला कीड लागलेली आहे आणि एका बाजूची पाने वाळून मुडपली आहेत. टोपलीही मेजाच्या कडेबाहेर किंचित आलेली. पिकते ते नासते, हे त्याने झाकले नाही. नकलेत मात्र सफरचंद निर्मळ, पाने हिरवीगार! हात कच्चा म्हणावा, तर द्राक्षांवरची पांढुरकी झाक अचूक उतरली आहे. म्हणजे कीड मुद्दाम वगळली. गिऱ्हाइकाला नकोशी वाटली असेल. ही नक्कल नव्हे, दुरुस्ती. आणि दुरुस्तीने चित्रातला प्राणच गेला.

त्याच फाटकाबाहेर मे महिन्यात ठाकर-कातकरी बाया करवंदा-जांभळांच्या टोपल्या घेऊन बसतात. संध्याकाळपर्यंत जांभळे फुटतात, वरची पाने सुकतात, आणि आतून गाडीने निघालेली मंडळी काच खाली करून भाव पाडून मागतात.

स्थिरचित्राच्या तासाला मेणाची फळे मांडण्याऐवजी ती टोपली, तीही संध्याकाळची, पुऱ्या भावाने आणावी, अशी अध्यापकांना विनंती आहे.