पत्र लिहा, पण हाताला माती लावून!

छोट्या पडद्याभोवती

दोस्तहो,

डिसेंबरातलं इंग्लंड कसं असतं, ठाऊक आहे? लंडनमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास सकाळी आठनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळूनही जातो. म्हणजे दिवस जेमतेम आठ तासांचा! बहुतेक झाडांची पानं केव्हाच गळून गेलेली, हिरवळ ओलीचिंब, माती हात लावू नये इतकी गार. अशा दिवसांत बागेत करायचं तरी काय, असं तुम्ही म्हणाल. पण तिथली माणसं पक्की बागवेडी! बागेत जाता येत नाही ना, मग ती टीव्हीसमोर बसून बाग पाहतात.

बीबीसीवर 'गार्डनर्स वर्ल्ड' नावाचा एक कार्यक्रम आहे. नावाचा अर्थ सरळ आहे, बागवाल्यांचं जग. तो ५ जानेवारी १९६८ रोजी सुरू झाला. म्हणजे तुमच्या आईबाबांपेक्षाही वयाने मोठा असेल, बघा! एरवी तो वसंतापासून शरदापर्यंत दर आठवड्याला असतो. अलीकडच्या वर्षांत डिसेंबरातही त्याचे खास हिवाळी भाग दाखवू लागले आहेत. सणासुदीच्या अशा कार्यक्रमांत काय काय असतं? काटेरी पानांचं आणि लालचुटुक फळांचं होलीचं झाड, आयव्हीचे वेल, कुंडीतलं ख्रिसमस ट्री, लाल पानांचा पॉइन्सेटिया, आणि हे सगळं वापरून दारावर लावायचं गोल तोरण कसं बांधायचं, त्याची कृती.

पण आज मला त्या कार्यक्रमाबद्दल नाही, तो पाहणाऱ्यांबद्दल सांगायचंय. कार्यक्रम संपला की प्रेक्षक काय म्हणतात? काय लिहून कळवतात? आणि त्या कळवण्याचा उपयोग होतो की ते सगळं केराच्या टोपलीत जातं? चला, पाहू या.

प्रेक्षकांच्या पत्रांचे ढोबळ तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार कौतुकाचा. त्यात गंमत अशी, की कौतुक दर वेळी फुलांचंच असतं असं नाही! २०११ पासून मॉन्टी डॉन हे आपल्या घरच्याच 'लाँगमेडो' या बागेतून हा कार्यक्रम सादर करू लागले. त्यांच्या पायांत सतत घुटमळायचा त्यांचा सोनेरी रंगाचा कुत्रा, नायजेल. मालक रोपं लावताहेत आणि हे महाशय तोंडात पिवळा टेनिसचा चेंडू घेऊन मधेच हजर! लोकांना तो इतका आवडला की त्याच्या नावानेच पत्रं येऊ लागली. २०१६ मध्ये डॉन यांनी त्याच्यावर एक पुस्तकही लिहिलं. मे २०२० मध्ये नायजेल गेला, तेव्हा ज्यांनी त्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता अशा माणसांनी हळहळून संदेश पाठवले. आहे की नाही नवल?

दुसरा प्रकार तक्रारीचा. सणाच्या बागकामाबद्दलच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. एक, 'अहो, हे बागकाम आहे की सजावट?' दोन, 'हे फार खर्चाचं आहे.' आणि तीन, 'तुमची बाग मोठी, आमच्याकडे एवढीशी बाल्कनी!' ही तिसरी तक्रार काही खोटी नाही, बरं का. लाँगमेडोची बाग सुमारे दोन एकरांची. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने ती पाहून उसासाच टाकायचा!

तक्रार करणं वाईट असतं का? मुळीच नाही. बीबीसीवर तर १९६१ साली 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचं कामच मुळी प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवणं! खर्चाचंच म्हणाल, तर जेफ हॅमिल्टन यांचं उदाहरण घ्या. ते १९७९ पासून १९९६ पर्यंत 'गार्डनर्स वर्ल्ड'मध्ये होते. १९९५ साली त्यांनी एका वेगळ्या मालिकेसाठी एकसारख्या ढंगाच्या दोन बागा तयार केल्या. एक सुखवस्तू माणसाच्या खिशाला परवडणारी, तर दुसरी कष्टकरी कारागिराच्या खिशाला परवडणारी. घरच्या घरी, फळ्या ठोकून, जुन्या वस्तू वापरून बाग कशी सजवायची हे त्यांनी करून दाखवलं. 'परवडत नाही' या तक्रारीला याहून चांगलं उत्तर कोणतं?

आता तिसरा प्रकार. हा मला सगळ्यांत आवडतो. तो म्हणजे, 'तुम्ही दाखवलंत, मी करून पाहिलं, आणि असं असं झालं!' हे पत्र लिहायला नुसतं पेन पुरत नाही. हाताला माती लागावी लागते.

एक उदाहरण घेऊ. नाताळात इंग्लंडमध्ये घराघरांत मिसलटोच्या डहाळ्या टांगतात. हा मिसलटो म्हणजे कोण, सांगा पाहू? आपल्या आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचा लांबचा नातलग! पानं हिरवी, म्हणजे अन्न स्वतः तयार करतो, पण पाणी आणि क्षार मात्र ज्याच्या अंगावर बसलाय त्या झाडाकडून उपटतो. आपल्याकडे आंबेवाले बांडगूळ दिसलं की कोयता घेऊन धावतात. आणि तिकडे टेनबरी वेल्स नावाच्या गावात नाताळाआधी त्याचा चक्क लिलाव होतो!

समजा, टीव्हीवर सांगितलं की मिसलटोची चिकट फळं सफरचंदाच्या फांदीवर चिरडली की त्यातून नवं रोप उगवतं. दोन मुलांनी ते करून पाहिलं. दोघांचंही काहीच उगवलं नाही. दोघांनीही पत्र लिहिलं.

पहिल्याने लिहिलं, 'तुमची युक्ती साफ खोटी आहे.'

दुसरीने लिहिलं, 'नाताळात घरात टांगलेल्या डहाळीची दहा फळं मी २६ डिसेंबरला सफरचंदाच्या फांदीवर चिकटवली. मे महिन्यापर्यंत वाट पाहिली. एकही बी रुजली नाही.'

दोघंही नाराजच! पण पहिल्या पत्रावर माळीकाका काय करणार? फार तर 'क्षमा करा' म्हणतील. दुसरं पत्र वाचून मात्र ते ताडकन म्हणतील, 'अगं, तारखेतच चूक आहे!' कारण नाताळाच्या वेळी मिसलटोची फळं पांढरी दिसली तरी पुरती पिकलेली नसतात. बी लावायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडावरून ताजी फळं तोडून. शिवाय धीरही हवा, कारण झाडाला फळं धरायला चार-पाच वर्षं सहज लागतात. दुसरीने तारीख लिहिली, म्हणून उत्तर सापडलं. आणि ते उत्तर तिच्या एकटीच्याच कामाचं नाही. तसंच फसलेल्या सगळ्यांच्या कामाचं आहे!

आणखी एक गंमत ऐका. 'आमच्या होलीला लाल फळं का येत नाहीत?' हा इंग्लंडमधल्या बागवाल्यांचा नाताळातला नेहमीचा प्रश्न. होलीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, आपल्या पपईसारखं. फळं मादी झाडालाच येतात, तीही जवळपास नर झाड असेल तर. आता होलीची एक जात आहे 'गोल्डन किंग', म्हणजे सोनेरी राजा, आणि दुसरी आहे 'गोल्डन क्वीन', सोनेरी राणी. फळं कुणाला येत असतील? राणीला? चूक! इथे राजा मादी आहे आणि राणी नर! नावं ठेवणाऱ्यांनी घोटाळाच करून ठेवलाय. त्यामुळे ज्याने पत्रात 'माझी होली' एवढंच लिहिलं, त्याला नेमकं उत्तर मिळणं कठीण. ज्याने जातीचं नाव लिहिलं, त्याचं कोडं एका ओळीत सुटलं.

पण दोस्तहो, मुलांची पत्रं मोठी माणसं खरंच वाचतात का? हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. तर मग बिडी बॅक्स्टर यांची गोष्ट ऐका. लहानपणी त्यांनी एनिड ब्लायटन या प्रसिद्ध लेखिकेला पत्र लिहिलं. छान उत्तर आलं. बिडी खूश! त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं. पुन्हा उत्तर आलं, पण पाहतात तो काय, शब्दन् शब्द पहिल्यासारखाच! आपलं पत्र कुणी नीट वाचलंच नाही, हे त्या छोट्या मुलीला कळलं आणि ती हिरमुसली.

मोठेपणी याच बिडी बॅक्स्टर बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमाच्या संपादक झाल्या. १९६५ ते १९८८, तब्बल तेवीस वर्षं! त्यांनी काय केलं? पत्र पाठवणाऱ्या मुलांची कार्डं करून ठेवायची पद्धत सुरू केली. कुणी आधी काय लिहिलं होतं, त्याला काय उत्तर गेलं, सगळं त्यावर टिपलेलं. त्याच मुलाचं दुसरं पत्र आलं की कार्ड काढायचं आणि पहिल्याची आठवण ठेवून उत्तर द्यायचं. चांगलं पत्र, चित्र किंवा कल्पना पाठवणाऱ्या मुलांना १९६३ पासून एक बिल्लाही मिळू लागला होता. तो छातीवर लावून मुलं काय मिरवत! आणि हो, या कार्यक्रमाची स्वतःची एक बागसुद्धा होती, १९७४ साली तयार केलेली. तीही पर्सी थ्रोअर यांच्यासारख्या नामांकित माळीबुवांच्या देखरेखीखाली!

प्रेक्षक नुसते पत्र पाठवूनच थांबतात असंही नाही. २०२० साली करोनाच्या साथीमुळे कॅमेरावाल्यांना गावोगाव फिरणं अशक्य झालं. तेव्हा 'गार्डनर्स वर्ल्ड'ने प्रेक्षकांनाच सांगितलं, की तुमची बाग तुम्हीच चित्रित करून पाठवा. लोकांनी पाठवलीही! कुणाची परसबाग, कुणाची बाल्कनी, कुणाच्या खिडकीतल्या चार कुंड्या. दोन एकरांच्या बागेशेजारी त्या चार कुंड्याही पडद्यावर झळकल्या. साथ ओसरली तरी हा रिवाज टिकला. 'आमच्याकडे एवढीशी बाल्कनी' ही तक्रार करणाऱ्यांचीच बाल्कनी कार्यक्रमात आली म्हणा ना!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कार्यक्रम चांगला की वाईट, हे तर कुणीही सांगेल. आपण करून काय पाहिलं आणि काय दिसलं, हे मात्र आपल्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही. तुमचं वय दहा असो की चौदा, तुमच्या कुंडीत काय झालं याचे जाणकार तुम्हीच!

तर मग एक छोटासा प्रयोग करायचा? आपल्याकडच्या थंडीतलाच आहे, खर्च शून्य!

इंग्लंडमध्ये नाताळात घरोघरी दिसणारा तो पॉइन्सेटिया आपल्याकडेही बंगल्यांच्या आवारात, शाळांच्या कुंपणाशी पाहायला मिळतो. मूळचा तो मेक्सिकोचा. त्याची 'फुलं' म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो ती लाल पानं असतात. खरी फुलं म्हणजे मधली बारीक पिवळट बोंडं. ही पानं लाल व्हायला झाडाला सलग लांब रात्र लागते. इंग्लंडमध्ये लोक त्याला दिवाणखान्यात ठेवतात आणि रात्री उशिरापर्यंत दिवे जाळतात. मग पुढच्या वर्षी तक्रार, 'आमचा पॉइन्सेटिया हिरवाच राहिला!' तिथले माळी सांगतात, की शरद ऋतूत आठ-दहा आठवडे रोज सुमारे चौदा तास त्याला मिट्ट काळोखात ठेवा, हवं तर खोकं पालथं घाला. आपल्या महाराष्ट्रात हा खटाटोप नको. डिसेंबरातली आपली रात्र सुमारे तेरा तासांची असते, त्यामुळे उघड्यावरचं झाड आपोआप रंगतं.

पण रस्त्यावरच्या दिव्याखाली असेल तर? हेच तुम्ही शोधायचंय! नोव्हेंबर ते जानेवारी आपल्या गल्लीतला एक पॉइन्सेटिया निवडा. दर रविवारी त्याच्याकडे जा. दिव्याच्या बाजूच्या फांद्या आणि अंधाराच्या बाजूच्या फांद्या, यांत आधी लाल कोण होतं? की दोन्ही सारख्याच? वहीत टिपून ठेवा. पानं मात्र तोडू नका, त्यातला पांढरा चीक अंगाला आणि डोळ्यांना त्रास देतो. झाड दुसऱ्याच्या आवारात असेल तर आधी विचारा, हं!

मग आम्हाला पोस्टकार्ड टाका. त्यात चार गोष्टी हव्यात. तारीख, जागा, काय पाहिलं आणि काय झालं. 'काहीच फरक दिसला नाही' असं असेल तर तेही बेधडक लिहा, तेसुद्धा उत्तरच आहे. झाडाचं चित्र काढलंत तर दुधात साखर!

आणि आईबाबांनो, तुम्हालाही दोन शब्द. मुलांनी खिडकीत एखादी कुंडी मागितली तर 'पसारा होईल' म्हणू नका. फरशीवर सांडलेली माती पुसता येते. आणि पत्र मुलांना स्वतःच लिहू द्या. शुद्धलेखनाच्या दोन-चार चुका राहिल्या तरी चालतील. तारीख तेवढी बरोबर हवी!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमचा,
टीव्हीकाका