शिकाऊ पोराच्या डोक्यावर खापर किती दिवस फोडणार?

शिकाऊ विमान पडलं की आपल्याकडं निकाल तयारच असतो, 'पोरानं चूक केली.' अहो, शिकाऊ चुकणारच, म्हणून तर तो शिकाऊ!

जुलै २०२२ मध्ये कडबनवाडीच्या शेतात विमान पडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन, तीही चार दिवसांत! दुसरं पडल्यावर डीजीसीएनं त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. पहिल्यानंतरच का नाही?

वळताना वेग कमी पडणं, इंजिनाची ताकद जाणं, इंधनाचा हिशेब चुकणं, ही कारणं जगजाहीर आहेत. ती रोखणं देखभालवाल्यांचं, प्रशिक्षकाचं आणि डीजीसीएचं काम.

माझी मागणी एकच. चौकशी अहवाल मराठीत ग्रामपंचायतीत लावा. विमानं आमच्या शेतात पडतात, मग कारण आम्हाला नको कळायला?