दसरा-दिवाळीच्या तारखा कुणाच्या?

आमच्या नगरपालिकेच्या नाट्यगृहाबाहेर फळ्यावर आश्विन-कार्तिकातले कार्यक्रम लागलेत. भाजीला जाताना मी थांबले आणि पिशवी खाली ठेवून सगळा फळा वाचून काढला. नवरात्रातल्या नऊपैकी सहा संध्याकाळी 'खास महिलांसाठी'. कोजागरीला लावणी, तीही 'फक्त महिलांसाठी'. पाडव्याला पहाटेची भावगीतं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडची नाटकं, रात्री साडेनऊला. आणि ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनी, मान्यवरांचा सत्कार.

वरवर वाचलं तर वाटेल, बायकांचंच राज्य आलं की! पण मैत्रिणींनो, जरा खालची बारीक अक्षरं वाचा. प्रत्येक 'खास महिलांसाठी'च्या खाली कुणातरी भाऊंचं, दादांचं नाव आहे. प्रवेशिका त्यांच्या कचेरीत मिळणार, त्यांच्या फोटोसकट. आपण जायचं ते त्यांच्या पाहुण्या म्हणून. नाट्यगृह नगरपालिकेचं, घरपट्टी आपली, आणि आमंत्रण भाऊंचं. हे कुठलं गणित?

या कार्यक्रमांना नाक मुरडायला मी बसलेली नाही. गेल्या वर्षी मीही गेले होते. संगीतखुर्ची झाली, उखाणे झाले, पैठणीची सोडत झाली. शेजारच्या गल्लीतली एक बाई, जिचा आवाज मी पंधरा वर्षांत कधी ऐकला नव्हता, ती माइक हातात घेऊन मनमुराद हसली. त्या हसण्याची किंमत मला कळते. वर्षातून एकदा घराबाहेर, दिव्यांच्या झगमगाटात, कुणी 'चहा टाक' म्हणत नाही अशी दोन तासांची मोकळीक. पण ती मोकळीक कुणीतरी काढून द्यावी आणि आपण ती पदरात घ्यावी, हे मला बोचतं. आणि सहा संध्याकाळींत एकही अशी नाही, जिथे काय व्हावं हे बायकांनी ठरवलंय.

आता आमचीच गोष्ट सांगते. आमच्या गटात अंगणवाडीच्या सेविका आहेत, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आहेत, धुणीभांडी करणाऱ्या आहेत. दोन पावसाळे खपून आम्ही एक नाटक बसवलंय, टाकून दिलेल्या बाईच्या रेशनकार्डावर. फार थोर नाटक नाही. दुसऱ्या अंकात जरा रेंगाळतंच, आणि आमच्यातल्या दोघींना अजून प्रेक्षकांकडे तोंड करून बोलता येत नाही. पण ते आमचं आहे. आम्ही जूनमध्ये अर्ज केला, रीतसर, अनामत भरायची तयारी दाखवून. मागितली ५ नोव्हेंबरची संध्याकाळ. मिळाली एका मंगळवारची दुपार, साडेबाराची. साडेबाराला खिचडी उतरते, भांडी घासायची असतात. मग नाटकात काम कोण करणार आणि बघणार कोण? हे सांगितलं तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "ताई, दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी बायका घर सोडून येतील का?"

पैठणीला येतात त्या कुठल्या बायका, साहेब?

रंगभूमी दिनाचा हट्ट आम्ही उगाच धरला नव्हता. १८४३ साली ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून हा दिवस. स्वयंवर सीतेचं, आणि रंगमंचावर बाई एकही नाही. पुढची कितीतरी वर्षं तेच चाललं. १९१२ साली हिराबाई पेडणेकरांचं 'संगीत दामिनी' आलं. बाईनं लिहिलेलं नाटक, पण त्या काळी नावाजलेल्या मंडळ्यांत बायकांची कामं पुरुषच करत. बालगंधर्वांनी नेसलेली साडी बघून घराघरांतल्या बायका साडी कशी नेसायची ते शिकल्या, असं आपण कौतुकानं सांगतो. मलाही त्यांचं गाणं फार आवडतं. तरी विचारावंसं वाटतं, की बाई कशी दिसावी हेसुद्धा आपण पुरुषाकडून शिकलो, त्याचं किती कौतुक करायचं?

नंतर बायका आल्या आणि त्यांनी रंगभूमी हलवून टाकली. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' उभं केलं, तेव्हा ते वस्त्यांत, चाळींत, मैदानांत, जिथे बायका होत्या तिथे गेलं. १९९१ साली आलेलं 'चारचौघी' २०२२ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं आणि नव्या मुलींनी त्याला गर्दी केली. तेव्हा 'बायका नाटकाला येत नाहीत' हे कुणी मला सांगू नये. रात्री साडेनऊच्या प्रयोगाला येत नाहीत, हे खरं. शेवटची एसटी नऊला सुटते. बारा वाजता नाटक सुटल्यावर कामतवाडीची बाई जाणार कशी? आणि लहान मूल घेऊन आलेल्या बाईला दारावरच अडवतात. मुलाचा बाप घरी असतो, त्याला कुणी विचारत नाही.

आता कोजागरीच्या लावणीबद्दल. गेल्या खेपेला आम्ही दोघीतिघी कार्यक्रम संपल्यावर कौतुक करायला आत गेलो. आठ जणी एका खोलीत कपडे बदलत होत्या. दाराला कडी नाही. एक मुलगी दाराला पाठ लावून उभी होती, पायात अजून घुंगरांचं ओझं. बायकांचा संडास कुलूपबंद, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. तीन तास नाचलेल्या बायका पाणीसुद्धा पीत नव्हत्या, कारण प्यायलं तर जायचं कुठे? आम्ही प्रेक्षक बायका बाहेर शिट्ट्या मारत होतो (मीही मारली, पहिल्यांदाच जमली!) आणि आत हे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांनी याच साध्या गोष्टीसाठी मोहीम चालवली. आमच्या गावात ती अजून नाट्यगृहाच्या पायरीपर्यंतही पोचलेली नाही.

तमाशाचा मोसमही दसऱ्यालाच सुरू होतो. फड बाहेर पडतात, वैशाखात परततात. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: पोटुशी असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा येऊन नाचल्या. सत्काराच्या भाषणांत ही गोष्ट हमखास येते. कलेवरची निष्ठा म्हणून टाळ्या पडतात. मी ती ऐकते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कंत्राट करणारा उभा राहतो, आणि तिकिटाचे पैसे वसूल करायला बसलेला प्रेक्षक. नऊ महिने भरलेल्या बाईला 'आज घरी राहा' म्हणणारं एकही माणूस त्या तंबूत नव्हतं का? विठाबाईंचं थोरपण मोठंच आहे. पण त्या टाळ्यांत आपण स्वतःला माफ करून घेतो. या ५ नोव्हेंबरच्या सत्कारातही कुणीतरी ही गोष्ट सांगेल, आणि मागची कडी नसलेली खोली तशीच असेल.

आमच्याकडे नगरपालिकेत २०११ च्या कायद्यानं निम्म्या जागा बायकांच्या. सभागृहात त्या बसतात. पण तारखांच्या वाटपाला कोण बसतं, हे मी दोन नगरसेविकांना विचारलं. एकीनं "यांना विचारून सांगते" म्हटलं. दुसरीनं मात्र तिथल्या तिथे वही काढून लिहून घेतलं. तिच्यावर माझी भिस्त आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुढल्या तारखांचं वाटप आहे. आपण जायचंय. मागायचं ते एवढंच: तिमाहीतल्या तीन सुट्टीच्या संध्याकाळी बायकांच्या गटांना नगरपालिकेच्या दरात मिळाव्यात, मध्ये कुणी भाऊ नको. निदान एक प्रयोग संध्याकाळी पाचला लावावा. मागच्या खोलीला कडी हवी, संडासाची किल्ली कलावंतांच्या हातात हवी, ती कोजागरीच्या आधी. आणि ५ नोव्हेंबरला सत्काराआधीचा एक तास आमच्या नाटकाला मिळावा. दुसरा अंक आम्ही कापून आणतो.

साडेदहाला नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर जमू. खिचडीवाल्या मैत्रिणींनी अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकावी. पोरं असतील त्यांनी घेऊनच यावं.