शाळेंतील पंक्तिप्रपंच

पंगतींत पान मांडलें म्हणजे भोजन झालें, असें कोणी म्हणत नाहीं. पानावर काय वाढलें, किती वाढलें, आणि वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोहोंचला कीं नाहीं, यावर यजमानाचें बरेंवाईट नांव ठरतें. एकाच पंगतींत बसलेल्या दोघांपैकीं एकाच्या भातावर तुपाची धार धरावी आणि दुसऱ्यास नुसत्या वरणावर भागवावयास लावावें, या अन्यायास आपल्या भाषेंत 'पंक्तिप्रपंच' असें स्वतंत्र नांव आहे, आणि आपल्या वाडवडिलांनीं त्याची गणना पापांत केली आहे. शाळा हीहि एक पंगतच आहे. वार्षिक अंकाच्या पानांतून आपण परीक्षांचे निकाल, बक्षिसें, क्रीडासामने व स्नेहसंमेलन यांचे वृत्तांत वाचतों आणि आनंद पावतों. तो आनंद योग्यच आहे. परंतु त्या वृत्तांतांबरोबर आणखी एक प्रश्न दरसाल विचारला जावा, असें आम्हांस वाटतें: आपल्या पंगतींत शेवटच्या पानावर काय वाढलें गेलें?

मुलास शाळेंत घेणें आणि त्यास समतेनें वागविणें या दोन गोष्टी एक नव्हेत. आमचें म्हणणें थोडक्यांत एवढेंच आहे. तें पटावें म्हणून थोडा मागील इतिहास पाहूं.

या देशांत विद्येचें दार सर्वांसाठीं उघडण्याच्या कामांत मिशनरी शाळांचा वांटा मोठा आहे. जोतीराव फुले हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, आणि १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढून सावित्रीबाईंच्या साहाय्यानें ती चालविली. सरकारी शाळांचें दार मात्र इतक्या सहज उघडलें नाहीं. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. धारवाड तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. एका मुलास घेतल्यानें बाकीचीं सर्व मुलें शाळा सोडून जातील, या भयानें मुंबई सरकारनें त्याचा अर्ज नाकारला. प्रकरण विलायतेपर्यंत गेलें, आणि १८५८ सालीं कंपनीच्या संचालकांनीं असा अभिप्राय कळविला कीं, सरकारच्या शाळा सर्व वर्गांच्या लोकांस खुल्या असल्या पाहिजेत. दार उघडलें, निदान कागदावर तरी उघडलें.

त्यानंतर बेचाळीस वर्षांनीं, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं, सातारा येथील सरकारी शाळेंत भीमराव नांवाच्या एका मुलाचें नांव दाखल झालें. हेच पुढें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर होत. २०१७ सालापासून महाराष्ट्रांत हा दिवस 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळला जातो, तो याच प्रवेशाच्या स्मरणार्थ. परंतु प्रवेश मिळालेल्या त्या मुलाच्या वांट्यास शाळेंत काय आलें, हें त्यांनीं स्वतः आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखांत लिहून ठेवलें आहे. वर्गांत इतरांत मिसळून त्यांस बसतां येत नसे. त्यांनीं कोपऱ्यांत वेगळें बसावयाचें. बसण्यासाठीं गोणपाटाचा तुकडा स्वतःचा. तो संध्याकाळीं घरीं न्यावयाचा आणि सकाळीं परत आणावयाचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्यास हात लावीत नसे. तहान लागली तर नळ आपल्या हातानें सोडण्याची मुभा नाहीं. शिपायानें सोडला तर पाणी, आणि शिपाई नसला तर तहान तशीच. हजेरीपटांत नांव इतरांसारखेंच, परीक्षा इतरांसारखीच. पण पाणी मात्र इतरांसारखें नाहीं. वरिष्ठांच्या हुकुमानें शाळेचें दार उघडलें होतें. नळ उघडण्यास बेचाळीस वर्षेंहि पुरलीं नाहींत.

हें ज्यांच्या ध्यानांत आलें, त्यांनीं दाराच्या पुढें पाऊल टाकलें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९०१ सालीं विद्यार्थ्यांचें वसतिगृह सुरू करविलें, आणि पुढें निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहांची मालिकाच उभी केली. त्यांतील १९०८ सालचें मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठीं होतें. खेड्यांतील मुलास शहरांत राहावयास जागा व खावयास भाकरी नसेल तर उघड्या दाराचा उपयोग काय, हा त्यांचा रोखठोक विचार होता. १९१७ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळांत घेण्याचें फर्मान दिलें. त्याच १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं कराड तालुक्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्यास त्यांनीं जें वसतिगृह चालविलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एकत्र जेवीत. त्या मुलांच्या अन्नासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने दिले. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नांवानें मोफत निवासी हायस्कूल निघालें, तें 'कमवा व शिका' या तत्त्वावर. या सर्वांच्या कामांत एक समान धागा दिसतो: मुलाचें नांव पटावर चढविलें म्हणजे आपलें काम संपलें, असें त्यांपैकीं कोणीहि मानलें नाहीं.

या प्रसंगीं आणखी एका शिक्षकाचें स्मरण करणें आम्हांस उचित वाटतें. मुंबईच्या विल्सन हायस्कूल या मिशनच्या शाळेंतील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांची चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसणाऱ्या एका मुलाशीं ओळख झाली. तो मुलगा त्यांच्या शाळेंतील नव्हता. तो एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत होता. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला, तेव्हां त्याच्या सत्कारांत केळूसकरांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें, आणि पुढें त्याच्या कॉलेजच्या शिक्षणासाठीं सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. त्यांतून भीमराव आंबेडकरांस दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. आपल्या हजेरीपटावर नसलेल्या मुलाचीहि ज्यास काळजी वाटली, असा शिक्षक मिशनच्या शाळेंत होता, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तो अभिमान आम्हांवर कांहीं कर्तव्यहि लादतो.

आतां आजच्या काळाकडे वळूं. २००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. खासगी विनाअनुदानित शाळांनीं प्रवेशाच्या पहिल्या वर्गांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठीं ठेवाव्या, असेंहि त्यांत आहे. हें मोठेंच पाऊल होय. परंतु त्या कायद्याची हद्द आठव्या इयत्तेशीं संपते. सरकारी व अनुदानित शाळांत मिळणारें मध्यान्ह भोजनहि आठवीपर्यंतच. म्हणजे हायस्कुलाची खरी वाट जेथें सुरू होते, तेथेंच सरकारचा हात सुटतो. नववीच्या उंबरठ्यावर मुलगा चौदा वर्षांचा झालेला असतो, घरास त्याच्या मजुरीची गरज भासूं लागते, मुलीच्या लग्नाचे विचार कोठें कोठें सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वेळीं फीचा आंकडा पुढें येतो.

आणखी एक गोष्ट आम्हीं स्पष्ट बोलली पाहिजे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें अल्पसंख्याकांच्या शाळांस या कायद्यांतून वगळण्यांत आलें. मिशनच्या शाळा त्यांतच मोडतात. संस्थांचें स्वातंत्र्य राखण्यासाठीं दिलेल्या त्या निकालाबद्दल आम्हांस येथें वाद घालावयाचा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, कायद्यानें ज्यास मोकळें सोडलें, त्याचें कर्तव्य कमी होत नाहीं, उलट वाढतें. सक्तीनें केलेल्या न्यायाचें श्रेय कायद्यास जातें. स्वेच्छेनें केलेल्या न्यायावरून शाळेची पारख होते.

कित्येक पालक यावर म्हणतील, "आम्ही पुरी फी भरतों, दुसऱ्यांच्या मुलांचा भार आमच्या मुलांवर कां?" हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्यास प्रामाणिकपणेंच उत्तर देतों. कोणतीहि जुनी शाळा एका पिढीच्या फीवर उभी राहिलेली नसते. तिच्या भिंती, तिचें मैदान, तिचें ग्रंथालय यांत ज्यांनीं या शाळेचें तोंडहि पाहिलें नाहीं, अशा लोकांचें दान असतें. फी भरणाऱ्याचा मुलगाहि त्या दानाच्या सावलींतच शिकतो. "दर्जा खालावेल" या भीतीबद्दल सांगावयाचें तर, जो विद्यार्थी मागें पडलेल्या सोबत्यास गणित समजावून देतो, तो तेंच गणित स्वतः दुसऱ्यांदा आणि अधिक खोल शिकतो. शिक्षकांस विचारा, ते हीच साक्ष देतील.

दुसरा आक्षेप असा कीं, "शाळेंत सर्वांस एकच नियम लागू आहे, मग विषमता कोठें आहे?" परंतु सर्वांस सारखें वाढणें आणि सर्वांचें पोट भरणें यांत फरक आहे. एकाच्या घरीं अभ्यासाची स्वतंत्र खोली, खासगी शिकवणी व मोबाइल. दुसऱ्याच्या घरीं एकाच खोलींत सहा माणसें. दोघांस एकच गृहपाठ दिला म्हणजे नियम सारखा झाला, न्याय सारखा झाला नाहीं. सहलीची वर्गणी, प्रकल्पाचें सामान, संमेलनांतील नाचाचा पोशाख, हे खर्च लहान दिसतात. पण ज्यास ते परवडत नाहींत, तो मुलगा त्या दिवशीं "पोट दुखतें" म्हणून घरीं राहतो. अपंग विद्यार्थ्यांचीहि गोष्ट तीच. २०१६ च्या कायद्यानें ठराविक प्रमाणापेक्षां अधिक अपंगत्व असलेल्या मुलांस अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर असेल आणि वर जाण्यास जिन्याखेरीज मार्ग नसेल, तर त्या हक्काचें काय करावें?

म्हणून आमच्या कांहीं सूचना आहेत. त्यांस फार पैसा लागत नाहीं. लागते ती मनाची तयारी. फी थकलेल्या मुलाचें नांव वर्गांत कधींहि पुकारलें जाऊं नये. तो व्यवहार शाळेनें पालकांशीं करावा. वर्षभरांतील सर्व वरकड खर्च जूनमध्येंच सांगावे, आणि ते ज्यांस पेलत नाहींत त्यांच्यासाठीं असा निधि असावा कीं, देणाऱ्यास घेणारा ठाऊक नसावा व घेणाऱ्यास देणारा. शाळा सुटल्यावर दोन तास एक वर्ग व ग्रंथालय अभ्यासासाठीं उघडें ठेवावें. आमच्याच शाळेंत आठवी उत्तीर्ण झालेलें एकहि मूल केवळ पैशाअभावीं नववीस मुकणार नाहीं, असें वचन संस्थेनें द्यावें. आणि शेवटची सूचना या वार्षिक अंकाबद्दल: पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेल्यांच्या यादीशेजारीं त्या सालीं किती मुलामुलींनीं शाळा सोडली व कां सोडली, हा आंकडाहि छापला जावा, नांवें नकोत. नव्याण्णव मेंढरें सोडून एका हरवलेल्या मेंढराच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत प्रार्थनेच्या वेळीं आपण पुष्कळदां ऐकतों. त्या मेंढपाळानें प्रथम मेंढरें मोजलीं होतीं, म्हणूनच एक कमी असल्याचें त्यास कळलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीं निधि नाहीं आणि नियमहि नाहींत. परंतु शेजारचें बांक तुमच्या हातीं आहे. आठवडाभर गैरहजर असलेल्या सोबत्याच्या घरीं जाऊन चौकशी करणें, आपली वही त्यास देणें, मधल्या सुटींत एकट्या बसलेल्या मुलास आपल्या डब्याशीं बोलावणें, यासाठीं कोणाचीहि परवानगी लागत नाहीं. पालकांस आमची विनंति अशी कीं, पालकसभेंत आपल्या मुलाच्या गुणांबरोबर एकदां त्याच्या वर्गांतील रिकाम्या जागेबद्दलहि विचारावें. आणि संचालकांस इतकेंच सांगतों कीं, पुढील वर्षाच्या अंकांत तो आंकडा वाचावयास आम्ही उत्सुक आहों. तो मोठा निघाला तरी लपवूं नये, आणि त्याच्या पुढल्या वर्षीं तो लहान करण्यास सर्वांनीं हात लावावा.